साथ आली कुठून? परळच्या हाफकिन संस्थेचा प्लेगशोध

हाफकिन संस्थेचे नाव निघाले की लोकांना लस आठवते. प्लेगची लस, सर्पदंशावरची इंजेक्शने, पुढच्या काळातले पोलिओचे डोस. ते योग्यच आहे. लाखो जीव त्यामुळे वाचले. पण परळच्या या संस्थेने आणखी एक काम केले आणि त्याचा उल्लेख समारंभांत सहसा होत नाही. ते काम म्हणजे साथीचा माग काढणे. वस्तीत प्लेग कोणत्या वाटेने आला, तो तिथेच दडून बसला होता की बाहेरून आला, माणसाच्या आधी कोणत्या प्राण्याला झाला, एका गावचा आजार दुसऱ्या गावच्या आजाराचा भाऊबंद आहे की नाही, या चौकशा आज जिवाणूच्या जनुकांतून केल्या जातात. ते तंत्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांतले आहे. त्यातले प्रश्न मात्र परळमध्ये १९०५ च्या सुमारास अतिशय नेमकेपणाने मांडले गेले होते. संस्थेच्या इतिहासातले हेच पान मला सर्वांत मोलाचे वाटते, म्हणून इथे तोच धागा धरून लिहितो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या गोदामवस्तीत माणसे तापाने आणि जांघेतल्या, काखेतल्या गाठींनी मरू लागली. २३ सप्टेंबरला डॉ. अकासियो गॅब्रियल व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. व्हिएगस मूळचे गोव्यातील हडफड्याचे, मुंबईत व्यवसाय करणारे आणि महापालिकेच्या कारभारात वावरणारे डॉक्टर. मांडवी हे बंदराला लागून असलेले धान्याचे कोठार. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला याच रोगाने थैमान घातले होते आणि तिथेच अलेक्झांद्र यर्सिन यांनी त्याचा जिवाणू वेगळा काढला होता. हाँगकाँगहून मुंबईला जहाजे नेहमी येत. रोग समुद्रावरून आला, असा अंदाज त्या वेळीच बांधला गेला. अंदाजाचा पुरावा व्हायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

पुढच्या काही महिन्यांत शहराची जवळपास निम्मी वस्ती मुंबई सोडून गेली. आगगाडीने आणि बोटीने माणसे गेली, त्यांच्या गाठोड्यांतून आणि धान्याच्या पोत्यांतून रोगही गेला. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी याच रोगाला बळी पडल्या. जूनमध्ये प्लेग कमिशनर रँड याच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्यामागे घरझडत्यांचा संताप होता. घरातून माणसे ओढून नेणे, सामान जाळणे, भिंती धुणे हे सारे सरकार करत होते, कारण रोग माणसाकडून माणसाकडे आणि घाणीतून पसरतो अशी त्याची समजूत होती. खेड्यातल्या लोकांचे निरीक्षण अधिक पक्के होते. उंदीर पडू लागले की गाव मोकळे करायचे आणि माळावर झोपड्या घालून राहायचे, हे शहाणपण महाराष्ट्रातल्या गावांनी शास्त्रज्ञांचा अहवाल येण्याआधीच शिकून घेतले होते.

वाल्देमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये कलकत्त्याहून मुंबईत आले. जन्म १८६० चा, ओदेसाचा. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला आणि कॉलऱ्याची लस घेऊन भारतात हिंडलेला हा माणूस. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. तिथे त्यांनी मांसाच्या रसात प्लेगचे जिवाणू वाढवले. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जिवाणू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात, हे त्यांच्या लक्षात आले आणि शुद्ध वाढ ओळखण्याची खूणही त्यातूनच मिळाली. असे वाढवलेले जिवाणू उष्णतेने मारून त्यांनी लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस देऊन तिचा गुण पाहिला गेला. मागणी वाढत गेली तशी जागा अपुरी पडली. प्रयोगशाळा मलबार हिलवरच्या बंगल्यात गेली, तिथून माझगावच्या खुशरू लॉजमध्ये, आणि अखेर परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये स्थिरावली. मुळात हे पोर्तुगीज काळातले ख्रिस्ती प्रार्थनास्थळ होते, पुढे ते मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान झाले. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा तिथे कॉलऱ्याने मृत्यू झाला, त्यानंतर गव्हर्नरांनी मुक्काम मलबार पॉइंटला हलवला. प्लेगच्या काळात त्या वास्तूत रुग्णालयही होते. १० ऑगस्ट १८९९ रोजी लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते तिथे ‘प्लेग रिसर्च लॅबोरेटरी’ सुरू झाली. संस्थेचा स्थापनादिन तोच.

मुल्कोवालचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या त्या गावी लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्यावर आला, त्यांना पदावरून दूर केले गेले. पण त्या दिवशी एकाहून अधिक बाटल्या वापरल्या गेल्या होत्या आणि दगावलेले सगळे ५३-एन या एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. कोणाला कोणत्या बाटलीतून लस दिली, ही नोंद ठेवलेली होती म्हणूनच ते कळले. दूषित झाली ती बाटली, आणि तीही गावात उघडताना, हे पुढे पटत गेले. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू घेतली. न्याय उशिरा मिळाला आणि पुरता मिळालाच नाही. ते भारतात परत आले, पण परळला नाही, कलकत्त्याला.

याच वर्षांत परळमध्ये दुसरे मोठे काम सुरू झाले होते. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत काम करताना उंदरावरची पिसू हीच रोगाची वाहक आहे असे दाखवले होते, पण त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. परळच्या ग्लेन लिस्टन यांना मात्र ती कल्पना पटली होती. मुंबईच्या एका चाळीत उंदीर मरून पडले आणि मागाहून रहिवासी आजारी पडू लागले, तेव्हा लिस्टन यांनी तिथे गिनीपिग मोकळे सोडले आणि नंतर त्यांच्या अंगावरच्या पिसवा गोळा केल्या. त्या उंदरांच्या पिसवा होत्या, आणि त्यांच्या पोटात प्लेगचे जिवाणू होते. यजमान उंदीर मेल्यावर उपाशी पिसवा माणसांकडे वळतात, हा त्यातून निघालेला सरळ अर्थ.

१९०५ मध्ये भारतमंत्री, रॉयल सोसायटी आणि लंडनची लिस्टर इन्स्टिट्यूट यांनी मिळून प्लेग संशोधनासाठी सल्लागार समिती नेमली आणि तिचे कार्यकर्ते परळला येऊन राहिले. लिस्टर इन्स्टिट्यूटचे संचालक चार्ल्स मार्टिन यांनी कामाची घडी बसवली. लिस्टन, जॉर्ज लँब, पेट्री, रोलंड ही मंडळी त्यात होती. संस्थेच्या आवारात त्यांनी मुद्दाम लहान लहान खोल्या बांधल्या. एका खोलीत पिसवा अजिबात नसतील अशी व्यवस्था करून आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले. एका ताटात खाल्ले, एकमेकांना चिकटून झोपले, तरी निरोगी प्राणी आजारी पडले नाहीत. पिसवा सोडल्या की रोग लगेच पसरला. मग पिंजरे टांगले गेले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले प्राणी आजारी पडले, दोन फुटांवरचे वाचले. एका पिंजऱ्याभोवती सहा इंच रुंदीचा चिकट कागद पसरला, आतला प्राणी सुरक्षित राहिला; पिसवेची उडी तेवढी लांब जात नाही. इतके साधे आणि इतके निर्णायक प्रयोग आपल्या वैद्यकाच्या इतिहासात फार थोडे असतील. हवेतून, मातीतून, स्पर्शातून पसरण्याच्या सगळ्या कल्पना त्या खोल्यांत एकेक करून निकालात निघाल्या. गाठीच्या प्लेगसाठी घरे धुण्याची आणि माणसे कोंडण्याची जी सक्ती झाली होती, तिचा पाया किती कच्चा होता तेही दिसले.

त्याहून मोठे काम शहरात चालले होते. मुंबईच्या वेगवेगळ्या भागांतून रोज उंदीर परळला येत. मेलेले आणि सापळ्यात पकडलेले, दोन्ही. कुठे आणि कधी सापडला ही नोंद करून प्रत्येकाचे शवविच्छेदन होई. वर्षभरात लाखाच्या वर उंदीर तपासले गेले. त्या नोंदी नकाशावर आणि दिनदर्शिकेवर मांडल्या तेव्हा एक क्रम दिसला. गटारांत राहणाऱ्या तपकिरी उंदरांत साथ आधी भडकते, सुमारे दहा दिवसांनी घरांत राहणाऱ्या काळ्या उंदरांत ती चढते, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसे आजारी पडू लागतात. हा क्रम कळला म्हणजे माणसांची साथ यायच्या आधी तिची चाहूल लागण्याची सोय झाली.

पथक शहरात थांबले नाही. तेव्हा मुंबईच्या वेशीवर असलेल्या शीव, वडाळा, परळ, वरळी या गावांत आणि पंजाबातल्या धांड, कसेल अशा खेड्यांत त्यांनी घरोघर नोंदी ठेवल्या. प्रश्न असा होता की उन्हाळ्या-पावसाळ्यात साथ ओसरते आणि पुढच्या हंगामात पुन्हा उसळते, तर मधल्या काळात रोग जातो कुठे? खेड्यात आणि शहरात याचे उत्तर वेगवेगळे निघाले. लहान खेड्यात उंदरांची संख्या घटली की रोग विझतो आणि पुढच्या वर्षी तो बाहेरून पुन्हा यावा लागतो. मुंबईसारख्या मोठ्या शहरात मात्र तो उंदरांत, विशेषतः गटारांतल्या, वर्षभर धुगधुगत राहतो. हे सगळे अहवाल १९०६ पासून इंग्लंडच्या ‘जर्नल ऑफ हायजीन’च्या खास अंकांतून छापले गेले. आजही प्लेगच्या अभ्यासकाला ते वाचावेच लागतात.

इथे एक गोष्ट ठळकपणे नोंदवायला हवी. या निष्कर्षांना आधार होता तो उंदराच्या पत्त्याचा. लाख उंदीर तपासून नुसता ‘इतके बाधित’ असा आकडा काढला असता, तर त्यातून काहीच कळले नसते. तारीख आणि ठिकाण जिवाणूला चिकटलेले होते म्हणून साथ चालताना दिसली. आणि तरीही एक भिंत त्या शास्त्रज्ञांपुढे उभीच राहिली. वरळीच्या उंदरातला आणि मांडवीच्या उंदरातला जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखे दिसत. कोणता कोणाचा वंशज, हे ओळखण्याची खूण त्यांच्याकडे नव्हती. हंगामाअखेर विझलेला आणि पुढच्या हंगामात पेटलेला प्लेग एकच आहे का, हे त्यांनी तर्काने सांगितले. जिवाणूकडून वदवून घेण्याचा मार्ग तेव्हा नव्हता.

मधला काळ भराभर सांगतो. १९०६ मध्ये संस्थेचे नाव ‘बॉम्बे बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ झाले आणि १९२५ मध्ये कर्नल मॅकी यांच्या पुढाकाराने तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. हाफकिन तेव्हा हयात होते. पाच वर्षांनी, १९३० मध्ये, लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे पहिले भारतीय संचालक आले. त्यांच्या काळात लसीची ताकद मोजण्याची पक्की पद्धत बसली, प्रयोगांसाठी एकसारख्या वाणाचे उंदीर जोपासले गेले आणि सल्फा औषधांचा प्लेगवरचा गुण तपासला गेला. लशींच्या जगात ‘१९५/पी’ हा भारतीय वाण पुढे मोठा झाला. अमेरिकेने व्हिएतनाम युद्धाच्या काळात आपल्या सैनिकांना टोचलेली मृत जिवाणूंची लस याच वाणाची होती. स्ट्रेप्टोमायसिन आणि डीडीटी आल्यावर रोगाचा जोर मोडला. १९६६ नंतर भारतात माणसाला प्लेग झाल्याची नोंद अनेक वर्षे झाली नाही. १९७५ मध्ये संस्थेचे दोन भाग झाले. लस-औषधांचे उत्पादन जैवऔषध निर्माण महामंडळाकडे गेले, आणि प्रशिक्षण, संशोधन व चाचणी मूळ संस्थेकडे राहिली.

जिवाणूच्या वाणांत फरक करण्याचा पहिला पक्का प्रयत्न १९५१ मध्ये देविन्या यांनी केला. ग्लिसरॉल आंबवतो की नाही आणि नायट्रेटवर त्याची क्रिया कशी, एवढ्यावरून त्यांनी तीन गट केले: अँटिका, मेडिएव्हालिस आणि ओरिएन्टालिस. हाँगकाँगमधून निघून जगभर पसरलेली जी तिसरी महासाथ, तिचा जिवाणू ओरिएन्टालिस. त्याला ग्लिसरॉल आंबवता येत नाही. त्याचे कारण पुढे जनुकात सापडले: ग्लिसरॉलच्या चयापचयातल्या एका जनुकातून ९३ अक्षरांचा तुकडा गळून गेला आहे.

१९९० च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत रायबोटायपिंगने जगभरातले प्लेगचे वाण तपासले गेले. डीएनएचे विकरांनी तुकडे करायचे, रायबोसोमच्या जनुकांचे तुकडे कुठे कुठे उमटतात ते पाहायचे, आणि त्या पट्ट्यांच्या ठशांवरून वाण ओळखायचे. त्याने गट पडले, पण मोठे. प्लेगचा जिवाणू वयाने फार तरुण आहे. आतड्याचा सौम्य आजार करणाऱ्या एका जिवाणूपासून तो काही हजार वर्षांपूर्वीच वेगळा झाला, त्यामुळे जगातले सारे वाण एकमेकांशी जवळजवळ जुळतात. इतर जिवाणूंत नेहमीच्या सात-आठ जनुकांची तुलना करून वाण वेगळे पाडता येतात. प्लेगमध्ये ती युक्ती निरुपयोगी ठरते, सगळे सारखेच निघतात.

२००१ मध्ये कोलोरॅडोतल्या एका वाणाचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. मुख्य गुणसूत्र सुमारे ४६.५ लाख अक्षरांचे, आणि त्याबरोबर तीन प्लाझ्मिड. आता एवढ्या लांबीत कुठे फरक पडतात ते शोधता येऊ लागले. फरक दोन जातींचे. काही ठिकाणी अक्षरांचा छोटा गट पाठोपाठ पुन्हा पुन्हा येतो आणि त्याच्या आवर्तनांची संख्या झपाट्याने बदलते. एका गावातल्या, एका हंगामातल्या रुग्णांत नाते शोधायला ही मोजणी उपयोगी. दुसरा फरक एकाच अक्षराचा. तो फार सावकाश होतो, पण एकदा झाला की पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरतो. जुन्या पोथ्यांची कुळी पाठभेदांवरून लावतात, तशी या एकाक्षरी बदलांवरून जिवाणूंची कुळी लावता येते. दोन वाणांत तोच बदल असेल, तर तो ज्याच्यात प्रथम झाला तो पूर्वज दोघांचा.

२०१० मध्ये मार्क आख्टमन यांच्यासह अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी १७ संपूर्ण जनुकसंच तुलनेला घेतले, त्यांतून मिळालेल्या ९३३ एकाक्षरी बदलांसाठी जगभरातले २८६ वाण तपासले आणि प्लेगचा वंशवृक्ष मांडला. मूळ चीनमध्ये किंवा त्याच्या आसपास. तिथून निरनिराळ्या काळात फांद्या बाहेर पडल्या. अमेरिकेतले सारे वाण एकाच आगमनातून पसरलेले निघाले, मादागास्करचे दुसऱ्या एका आगमनातून. मांडवीच्या गोदामांत १८९६ साली बांधलेला अंदाज इथे वृक्षाच्या फांदीवर दिसतो: तिसऱ्या महासाथीचे वाण एकाच खोडातून फुटले आहेत आणि ते खोड पूर्वेकडचे आहे.

मादागास्करची हकिकत मुंबईशी जोडलेली आहे. प्लेग त्या बेटावर १८९८ मध्ये पोहोचला, आणि तो भारतातून निघालेल्या वाफेच्या जहाजातून गेला असावा असे मानले जाते. मुंबईत जो विझला, तो तिथे डोंगराळ पठारावर आजतागायत टिकून आहे. २०१७ च्या साथीत संशयितांसह २४१७ रुग्ण आणि २०९ मृत्यू नोंदले गेले. तिथल्या महाजंगा या बंदरात १९२८ नंतर ६२ वर्षे प्लेगचा मागमूस नव्हता. १९९१ मध्ये तो परत आला आणि १९९९ पर्यंत येत राहिला. दरवर्षी पठारावरून नव्याने येत होता, की एकदा येऊन बंदरातच राहिला? हाच प्रश्न १९०६ मध्ये परळच्या पथकाने मुंबईबद्दल विचारला होता. इथे मात्र जपून ठेवलेले वाण हाताशी होते. महाजंगाचे ४४ आणि पठारावरचे २१८. एकाक्षरी बदल आणि ४३ ठिकाणची आवर्तने मोजल्यावर २०१३ मध्ये उत्तर मिळाले. हा वंश बहुधा पठारावरच्या अंबोसित्रा भागात जन्मला, उत्तरेकडे सरकला आणि बंदरात उतरला. ये-जा एकाहून अधिक वेळा झाली, पण नऊ वर्षांच्या साथींचा मुख्य भार वाहिला तो शहरातच रुजून वेगळ्या झालेल्या एका कुळाने. शहरात रोग धुगधुगत राहतो, हे परळचे म्हणणे दुसऱ्या एका बंदरात जिवाणूच्या तोंडून खरे ठरले. मला हा संस्थेचा शंभर वर्षांनी मिळालेला सन्मान वाटतो, जरी त्या शोधनिबंधावर परळच्या कोणाचे नाव नसले तरी.

आता १९९४. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात अनेकांनी घरे सोडली, आत धान्य राहिले, उंदीर वाढले. पुढच्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडले, पिसवा झाल्या आणि माणसांना गाठी येऊ लागल्या. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली, लाखो लोक शहर सोडून पळाले, विमाने बंद झाली, निर्यात थांबली. १८९६ ची मुंबई जणू पुन्हा उभी राहिली. देशभरात ८७६ संशयित रुग्ण आणि ५४ मृत्यू नोंदले गेले. पण भरवशाचे जिवाणू-संवर्धन फार थोड्या रुग्णांचे झाले होते. प्रतिजैविके आधी पोटात गेली, नमुने उशिरा घेतले गेले, आणि हा खरेच प्लेग होता का यावर देशात आणि परदेशात वर्षानुवर्षे वाद चालला. अठ्ठावीस वर्षे प्लेग नव्हता, म्हणून प्लेग ओळखणारे हातही कमी झाले होते. हे दुःख आजही मनात आहे, कारण ज्या राज्यात उंदराच्या पत्त्यासह लाख नोंदी ठेवल्या गेल्या, त्याच राज्यातून या साथीची सुरुवात झाली होती.

वाद मिटवला तो रेणूंच्या तपासणीने. १९९६ मध्ये सुरत आणि बीडच्या वाणांचे रेणवीय वर्णन ‘करंट सायन्स’मध्ये आले. २००० मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी रुग्णांतून आणि उंदरांतून मिळालेल्या वाणांतील रायबोसोमच्या जनुकाचा अनुक्रम वाचला, त्यांचे डीएनए ठसे घेतले आणि हा प्लेगचाच जिवाणू असल्याचे दाखवले. २००२ च्या फेब्रुवारीत हिमाचलातल्या शिमला जिल्ह्यात फुप्फुसाच्या प्लेगचे १६ रुग्ण आढळले, त्यांतले चार दगावले. या वेळी नमुने वेळेवर घेतले गेले आणि निदानावर वाद झाला नाही. २००४ मध्ये उत्तरकाशीच्या डांगुड गावात गाठीच्या प्लेगचे आठ रुग्ण निघाले, तीन दगावले. पुढे २००९ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी १९९४ चे रुग्णांतले आणि उंदरांतले वाण, १९९८ मध्ये दख्खनच्या पठारावर सापळ्यांत मिळालेल्या उंदरांचे वाण आणि शिमल्याच्या रुग्णांचे वाण एकाच मोजपट्टीवर ठेवून आवर्तनांची मोजणी केली. या कामातला मला सर्वांत भावणारा भाग १९९८ चा आहे. त्या वर्षी कुठेही साथ नव्हती. कोणीतरी तरीही पठारावर सापळे लावले, उंदीर पकडले, जिवाणू वाढवला, ठिकाण लिहिले आणि नळी जपून ठेवली. त्यामुळे अकरा वर्षांनी तुलनेला काही तरी मिळाले.

परळच्या संस्थेत आज प्राणिजन्य आजारांचा स्वतंत्र विभाग आहे. महापालिकेच्या कीटकनाशक खात्याचे मूषकसंहारक रात्री गल्ल्याबोळांतून काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारतात. त्यांतले उंदीर प्लेगच्या तपासणीसाठी याच संस्थेत येतात. लेप्टोस्पायरोसिस हा उंदरांच्या मूत्रातून येणारा दुसरा जिवाणूजन्य आजार. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याचा तडाखा सोसला आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात महापालिका त्याचा इशारा देते. त्यातही तोच प्रश्न आहे: कोणत्या वस्तीतला वाण कोणत्या प्राण्याकडून आला?

संस्थेच्या पुढच्या वाटचालीसाठी माझी मागणी एकच आहे. परळला येणाऱ्या उंदरांची तपासणी ‘काही सापडत नाही’ या कारणाने कमी होऊ नये, आणि जे सापडेल त्याचा वाण वॉर्ड, तारीख, प्राण्याची जात यांच्यासह शीतपेटीत ठेवला जावा. जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच आता काही दिवसांत वाचता येतो. उद्या बीडमध्ये, सुरतेत किंवा शिवडीच्या गोदीत प्लेगचा जिवाणू निघाला, तर तो दख्खनच्या जुन्या कुळातला की हिमालयातल्या, की परदेशातून नव्याने आलेला, हे सांगण्यासाठी शेजारी ठेवायला जुने वाण लागतील. ते गोळा करायचे तर रोज येणाऱ्या उंदरांची नोंद आजपासूनच तशी ठेवावी लागेल.